थरथरणारा काटा

मी एक जुना ताणकाटा आहे. जतच्या पूर्वेला, माळावरच्या एका दगडी घरात, दाराशेजारच्या खिळ्याला मी टांगलेला असतो. माझ्या पोटात एक स्प्रिंग, तोंडावर आकड्यांची तबकडी आणि खाली एक आकडी आहे. मला वजन कळते. त्यापलीकडचे मला कळते असा माझा दावा नाही.

मित्रांनो, धुळा नावाच्या मेंढपाळाने मला मिरजेच्या बाजारातून आणले. त्याच्याकडे मी लोकर तोलत असे. पुढे मेंढरे गेली आणि काही वर्षांनी धुळाही गेला. मागे राहिली त्याची बायको धोंडुबाई, हरणी नावाची कारवानी जातीची शिकारी कुत्री आणि मी. धोंडुबाईने नवऱ्याच्या जुन्या पटक्याची झोळी शिवली, माझ्या आकडीला अडकवली आणि तीत हरणीची पिल्ले तोलायला सुरुवात केली. रोज सकाळी, एकेक पिल्लू, आणि प्रत्येकाचे वजन वहीत. गावातले लोक हसत. "म्हातारी कुत्र्यास्नी दवाखान्यावानी तोलती," असे म्हणत. परंतु तिची पिल्ले धडधाकट निघत आणि दूरदूरची माणसे तिचे नाव विचारीत येत. तो माझा मानाचा काळ होता.

हरणीच्या तिसऱ्या वेताला सहा पिल्ले झाली. ती पाच आठवड्यांची असताना सांगलीहून एक गृहस्थ आले. त्यांना सगळे तात्या म्हणत. कुपवाडच्या एका कारखान्यात तीस वर्षे मापे तपासून ते निवृत्त झाले होते.

धोंडुबाईने आधी हरणीला पुढे आणले. "पयली आई बगा. मग पिल्लं."

तात्यांनी आई पाहिली न पाहिली आणि एका पिल्लाचे पंजे धरून नखे मोजू लागले. "वीस नखांचं कुत्रं चांगलं म्हणतात."

"नखं काय राखण करत्यात व्हय? आवं, दिसभर घरात कोन आसतं, ते सांगा."

"मीच. दुसरं कुणी नाही."

मग तिने रोजचे तोलणे सुरू केले. झोळीत घातलेले प्रत्येक पिल्लू वळवळे, केकाटे, आणि माझा काटा थरथरत राही. पाचव्या पिल्लाचा एक पंजा पांढरा होता. ते झोळीत गप्प पडून राहिले आणि माझा काटा एका जागी उभा राहिला.

तात्या खूश झाले. "हेच! काटा बघा कसा स्थिर आहे. बाकीचे नुसते थयथयाट करतात."

धोंडुबाई म्हणाली, "पिल्लू हाय ते, लोखंडाचं वजन न्हाई. जितं पिल्लू टांगलं की हाललंच पायजे."

"माझं घर शांत आहे, बाई. त्यात शांतच कुत्रं शोभेल."

"घर शांत हाय म्हनून तर वळवळं न्यायचं. हे मी देनार न्हाई."

"दुसऱ्या कुणाला कबूल केलंय वाटतं? तसं स्पष्ट सांगा की!"

धोंडुबाईने वही उघडून त्यांच्या हातात दिली. सोमवारी दोन किलो चारशे. मंगळवारी तेवढेच. बुधवारी दोन किलो साडेतीनशे. आज, गुरुवारी, दोन किलो तीनशे. बाकी पाचांचे आकडे रोज चढत होते. तात्यांनी ते पान बराच वेळ वाचले. काटा स्थिर म्हणजे माप चांगले, ही तीस वर्षांची सवय होती. ती यंत्रांसाठी बरोबर होती. त्यांनी वही मिटली आणि त्या पिल्लाला स्वतःच्या मांडीवर घेतले.

"डॉक्टर कधी येणार?"

"सांजच्याला."

ते एसटी सोडून थांबले. जनावरांच्या डॉक्टरांनी पिल्लाची छाती तपासली आणि हृदयात जन्मापासून दोष असल्याचे सांगितले. पुढचे चार दिवस तात्या गावातल्या देवळात झोपले आणि दिवसभर त्याला थेंब थेंब दूध पाजत राहिले. पाचव्या सकाळी पिल्लू गेले. त्या दिवशी धोंडुबाईने झोळी माझ्या आकडीला लावली नाही.

पिल्ले आठ आठवड्यांची होऊन त्यांना लस टोचल्यावर तात्या पुन्हा आले आणि सर्वांत वळवळे पिल्लू घेऊन निघाले. जाताना म्हणाले, "पाच तर ठणठणीत आहेत. हरणीचं अजून एक वेत होऊ द्या."

"न्हाई. ह्यो दोष तिच्यातनं आला आसंल तर?"

तो हरणीतून आला होता की नाही, हे डॉक्टरांनाही खात्रीने सांगता आले नाही. खात्री नव्हती, म्हणूनच धोंडुबाईने पुढची वेते थांबवली. हरणी आता उंबऱ्यावर झोपते, धोंडुबाई तिच्याशेजारी बसते आणि मी खिळ्यावर असतो. तिघांत बोलणारी एकटीच, आणि तीही फार बोलत नाही.

मित्रांनो, पिल्लू निवडायला जाल तेव्हा नखे मोजू नका. त्याची आई दाखवा म्हणा. वजनाची वही मागा. तुम्हालाच उलटे प्रश्न विचारणाऱ्या माणसावर रागावू नका. आणि कुणी 'हे देणार नाही' म्हणाले, तर त्याच्याकडूनच दुसरे घ्या.

एक गोष्ट राहिली. तात्या वर्षातून एकदा आपले कुत्रे घेऊन येतात. गेल्या खेपेला त्यांनी मला निरखून पाहिले. झोळी शेजारच्या खिळ्याला होती, माझी आकडी रिकामी होती, तरी काटा शून्याच्या एक घर पुढे उभा होता. पन्नास ग्रॅमची चूक. ही आठवण आहे असे कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. फार वर्षे भार उचलला की स्प्रिंग पूर्ववत होत नाही, एवढेच त्याचे कारण आहे. तात्यांनी खिशातून पेचकस काढला होता. काटा शून्यावर आणणे त्यांना दोन मिनिटांचे काम होते. त्यांनी झोळीवरून एकदा हात फिरवला आणि पेचकस परत खिशात ठेवला.