बाईसाहेबांच्या मापाची गाडी

"आधी माणसं बसव, पोरी. ऐसपैस बसव. मग त्यांच्या अंगावर गाडी घाल, अंगरखा घालावा तशी. आधी गाडी करायला गेलीस तर माणसं कोंबावी लागतील."

मास्तरांनी अगदी पहिल्या दिवशी सांगितलेलं हे धाकटीच्या कानात अजून ताजं होतं. मोटारींच्या कारखान्यातल्या नमुनाघरात ती रुजू झाली तेव्हा वयानं सगळ्यांत लहान होती, म्हणून धाकटी. आता केसांत रुपेरी तारा आल्या, मास्तर निवृत्त झाले, त्यांची जागा तिच्याकडे आली, तरी नाव काही मोठं झालं नाही.

कुठलीही गाडी पत्र्याची होण्याआधी नमुनाघरात मातीची होते. खऱ्याएवढीच, चाकांसकट. भट्टीत मऊ केलेली तपकिरी माती साच्यावर थापायची, पात्यांनी तासायची, बोटांनी उजळायची. सकाळी काम सुरू करण्याआधी धाकटी हात धुऊन यायची आणि डोळे मिटून गाडीच्या पाठीवरून एकदा तळवा फिरवायची. डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळव्याला कळतो, असं ती विचारणाऱ्याला सांगायची. ते खरंच होतं. पण कधीकधी तळवा फिरवून झाल्यावरही ती क्षणभर तशीच उभी राही, ते कशासाठी हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

सध्या तिच्या तळव्याखाली होती ती एक लहान गाडी. इतकी लहान, की मालवाहू ट्रकच्या दोन चाकांमध्ये सावलीला उभी राहील. पण आत चार माणसं बसायची, गुडघ्याला गुडघा न लागता. ते कसं जमलं हे धाकटीला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. कुठे दाराचा पोटभाग आत घेतला, कुठे छताची कमान बोटभर उचलली, इंजिन थोडं पुढे सरकवलं, आणि एके दिवशी त्या एवढ्याशा जागेत अचानक हवा खेळू लागली. त्या दिवशी तिनं पातं खाली ठेवलं आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. आपण केलं असं तिला वाटलंच नाही. आपल्यासमोर झालं, असं वाटलं.

आणि सोमवारी मोठ्या साहेबांनी बोलावून सांगितलं, "धाकटे, लहान गाडी बंद."

"म्हणजे? रंग बदलायचा का?"

"बंद म्हणजे बंद. ही एकटीच नाही. यापुढे आपण लहान गाड्याच करायच्या नाहीत असं वर ठरलंय. लोकांना उंच गाड्या हव्यात. लहान गाडीला मेहनत तेवढीच लागते आणि हातात काही उरत नाही. मातीची पुढच्या आठवड्यात उतरवून टाकू." साहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, मास्तरांच्याच हाताखाली शिकला होता. "नवीन उंच गाडीचं काम तू बघावंस असं मी सुचवलंय. शनिवारपर्यंत सांग."

उत्तर धाकटीच्या मनाशी तिथेच ठरलं होतं. नाही म्हणायचं, पाती पुसून पेटीत ठेवायची आणि निघायचं. आयुष्यभर जे शिकलो ते नको असेल, तर आपण तरी कशाला हवं?

फक्त एक राहिलं होतं. या गाडीत पहिल्यांदा तुम्ही बसायचं, असं तिनं मास्तरांना कबूल केलं होतं. म्हणून संध्याकाळी ती त्यांच्या घरी गेली.

दारात जावयाची गाडी उभी होती. काळी, उंच, खिडकीपर्यंत धाकटीचा खांदा पोचेल अशी. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग त्यांचा पट्टा सुटला.

"रस्त्यावर गाड्या राहिल्याच नाहीत गं! कपाटं फिरतायत, कपाटं! आत एक माणूस आणि त्याच्याभोवती दोन हत्तींच्या वजनाचा पत्रा. कशासाठी? तर कोपऱ्यावरून पाव आणायला! म्हणे उंचावरून समोरचं दिसतं. अरे, सगळेच उंच बसले तर दिसणार काय? पुढच्याची पाठ!"

"पण जावईबापूंच्या कपाटात बरे आरामात बसता तुम्ही," आतून काकूंचा आवाज आला.

मास्तर वरमले. "ते गुडघ्यांमुळे. खाली वाकावं लागत नाही."

"तुम्हाला वाकावं लागत नाही आणि मला चढावं लागतं." मास्तरांच्या पत्नी चहा घेऊन बाहेर आल्या. ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई. बोलताना मान किंचित पुढे काढायची सवय, कुणी लांबून हाक मारली तर ऐकू यावी तशी. "माझं स्टूल ठेवलंय त्या गाडीत, माहितीये? मी स्टुलावर, जावई एका हाताला, लेक दुसऱ्या हाताला. मिरवणूक असते नुसती! लग्नात नव्हते एवढे लोक असतात मला गाडीत बसवायला."

धाकटी हसली, पण काकू हसत नव्हत्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "म्हणून हल्ली मी जातच नाही कुठे."

माती उतरवण्याआधी गाडीला एकदा हात लावायचा, असा मास्तरांनी हट्ट धरला. बाहेरच्यांना नमुनाघरात मज्जाव असतो, पण मोठ्या साहेबांना आपल्या गुरूला नाही म्हणवेना. मास्तरांना एकटं सोडता येत नव्हतं, म्हणून काकूही आल्या. फाटकावर फोन जमा करताना म्हणाल्या, "चला, इतकी वर्षं जिच्यापायी हे घरी उशिरा यायचे, ती सवत तरी बघू दे एकदाची."

नमुनाघरात वरच्या काचांमधून उजेड खाली उतरत होता. मधोमध ती उभी होती, मातीची, तपकिरी, एकही रेघ जास्त नसलेली. मास्तर काठी टेकत जवळ गेले. काठी काकूंच्या हातात दिली आणि दोन्ही तळवे छतावर ठेवले. मग खांद्यावरून, दारावरून, मागच्या कमानीपर्यंत, हळूहळू. पलीकडचा सुतार करवत थांबवून बघत होता.

"कुठे थांबावं ते कळलं तुला," शेवटी मास्तर म्हणाले.

मातीच्या गाडीत बसता येत नाही. बसून बघायला शेजारी बैठकीचा सांगाडा असतो. लाकडी चौकट, वर छत, तीत खऱ्या सीटा, स्टिअरिंग, दारं, पुढची काच. धाकटीनं मास्तरांना तिथे नेलं. ते पुढे, चालकाच्या जागी बसले. त्यांच्या मागे मोठे साहेब बसले, ताडासारखे उंच, तरी गुडघे मोकळे. साहेबांशेजारी जाडजूड सुतार. साहेब छताकडे बघत म्हणाले, "हे कसं केलंस गं? माझ्या घरच्या गाडीत डोक्यावर एवढी जागा उरत नाही."

"चौथं माणूस कोण?" मास्तर म्हणाले. "चार बसल्याशिवाय कळायचं नाही. अगं, तू ये!"

"मी? मला नाही जमायचं. स्टूल गाडीत राहिलं."

"मी हात देतो काकू, थांबा," म्हणत सुतार उतरायला लागला.

तो उतरेपर्यंत काकूंनी दार उघडलं. पाठ सीटकडे केली. आणि बसल्या. खुर्चीवर बसावं तशा. पाय उचलून आत घेतले, पदर सावरला, आणि कुणाचा हात येतोय म्हणून वाट बघत राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की हात नकोच होता.

"अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "मी बसले."

काकूंनी खाली बघितलं. टाचा टेकलेल्या होत्या. समोर बघितलं, तर काचेतून जमिनीवरची फरशीसुद्धा दिसत होती. त्या उतरल्या. परत बसल्या. पुन्हा उतरल्या, पुन्हा बसल्या, लहान मुलीनं झोक्यावर करावं तसं, आणि मग त्यांना इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं.

धाकटी बाजूला उभी राहून सवयीनं काकूंच्या बसण्याकडे बघत होती. गुडघ्याचा कोन, पाठ, खांदा, मान. मानेवर तिची नजर अडली.

तिनं मागे वळून भिंतीकडे बघितलं. नमुनाघरात बसण्याचं माप घ्यायला लाकडी फळीच्या दोन आकृत्या होत्या, सांध्यांत हलणाऱ्या. एक उंच पुरुषाची, एक ठेंगण्या बाईची. या दोघांना नीट बसता आलं, की मधल्या सगळ्यांना येतं. ठेंगणीला सगळे बाईसाहेब म्हणायचे. दाराची नवी रचना झाली की कुणीतरी विचारायचंच, "बाईसाहेबांना पसंत आहे का?" हल्ली ही कामं संगणकावर होऊ लागली होती आणि दोघंही बहुतेक वेळ खिळ्यावर धूळ खात होते. धाकटी मात्र अजून फळीच वापरायची. बाईसाहेबांची मान जरा पुढे आलेली होती. कापताना सुताराचा हात घसरला असणार, असं सगळे धरून चालले होते.

हात घसरला नव्हता.

धाकटीनं आकृती खिळ्यावरून काढली, गुडघ्यात दुमडली आणि काकूंच्या शेजारी धरली. नडगीला नडगी लागली. पाठीला पाठ. मानेला मान.

"मास्तर," ती म्हणाली, "या कोण?"

मास्तर स्टिअरिंगकडे बघत होते. कान लाल झाले होते. "कुणाचं तरी माप घ्यायला हवंच होतं ना. पुस्तकातली मापं परक्या बायकांची होती. ही घरात भाजी निवडत भिंतीला टेकून बसली होती. मी खडूनं भिंतीवर रेघ मारून घेतली."

"तरी म्हटलं, भिंतीला खडू कुठून लागला! मी मुलीला रागवले होते त्यासाठी!" काकूंनी आकृतीकडे टक लावून बघितलं. "म्हणजे एवढी वर्षं मी इथे खिळ्याला टांगलेली होते?"

"टांगलेली काय," सुतार म्हणाला, "काकू, तुम्हाला विचारल्याशिवाय इथे एक दार लागलं नाही."

हशा पिकला. पण धाकटीला हसता येईना. मास्तरांच्या वेळेपासून या नमुनाघरातून निघालेली प्रत्येक लहान गाडी तिला आठवत होती. पहिल्यांदा चालवायला शिकणाऱ्या मुली, दवाखान्यात पहाटे पोचणाऱ्या नर्सबाई, नवऱ्यामागे एकटीनं घर सांभाळणाऱ्या बायका, ज्यांना आपली उंची कमी असल्याचं जगानं रोज ऐकवलं, त्या सगळ्या कधी ना कधी त्या गाड्यांत बसल्या असतील आणि त्यांना वाटलं असेल, ही माझ्यासाठीच केलीय. आणि ती खरोखरच एका बाईसाठी केलेली होती. भिंतीला टेकून भाजी निवडणाऱ्या, आपल्याला कुणी बघतंय हे माहीतही नसलेल्या बाईसाठी. एका माणसाला इतकं नीट बघितलं, तर त्यात एवढी माणसं मावतात? तिला वाटलं, आत्ता इथे मोठ्यानं बोलू नये.

काकू खाली उतरल्या तेव्हा मोठे साहेबही उतरले. म्हणाले, "काकू, मला फार वाईट वाटतंय. पण गाडी मी वाचवू शकत नाही. ते माझ्या हातात नाही."

"तुमच्या हातात काय आहे मग?" काकूंनी सहज विचारलं. टोमणा नव्हता त्यात.

साहेबांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे नव्या उंच गाडीच्या बैठकीची चौकट नुकतीच उभी राहिली होती, अजून सीटाही न बसवलेली. काकू तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. दाराचा उंबरा त्यांच्या गुडघ्याच्या बराच वर येत होता.

"ही कुणासाठी?"

"सगळ्यांसाठी," साहेब म्हणाले.

"त्या सगळ्यांत मी येते का?"

साहेबांनी एकदा उंबऱ्याकडे, एकदा काकूंच्या पावलांकडे बघितलं. काकू धाकटीकडे वळल्या. "ही तू करणार आहेस का गं?"

धाकटीनं मान खाली घातली. "मी सोडून जायचं म्हणत होते, काकू. लहान गाडीच राहिली नाही, तर मी काय करू इथे?"

"का? तू गेलीस म्हणून ही व्हायची थांबणार आहे?" काकूंनी तिचा मातीचा हात हातात घेतला. "मला मोटारीतलं काही कळत नाही. लहान काय, मोठी काय. पण आज मी कुणाचा हात न धरता बसले. केवढं वाटलं मला, तुला नाही सांगता यायचं. उंच तर उंच. पण तिच्यात चढताना कुणा बाईला हात मागावा लागू नये, एवढं बघ. बघशील?"

मास्तरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. कपाटांविषयीचं असणार ते, पण आज त्यांनी ते गिळलं.

"बघीन," धाकटी म्हणाली.

"उंबरा खाली घेतलास तर खालचं सगळं हलवावं लागेल," साहेब अर्धवट स्वतःशीच म्हणाले. "वरचे लोक मला फाडून खातील."

"तुला मी शिकवलंय ते काय वरच्यांना लोणी लावायला?" मास्तर म्हणाले. साहेब डोकं खाजवत हसले, पण नको असं काही म्हणाले नाहीत.

धाकटी दोघांना फाटकापर्यंत पोचवून आली. जावई स्टूल काढून उभाच होता. काळं दार लागलं, गाडी वळणावर दिसेनाशी झाली. ती परत आली तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती, नमुनाघरात कुणी नव्हतं. तिनं नळावर हात धुतले, पुसले. सुताराच्या फळीवरची पेन्सिल घेतली आणि कोपऱ्यातल्या उंच चौकटीपुढे जमिनीवर बसली. उंबऱ्यावर डोळे मिटून एकदा तळवा फिरवला. मग उंबऱ्याच्या बरंच खाली, जिथे एका ठेंगण्या बाईचं पाऊल सहज पोचेल तिथे, लाकडावर हलक्या हातानं पहिली रेघ ओढली, आणि करवत जवळ घेतली.