कोऱ्या बाजूची गोणी

गेल्या वर्षी बारा ऑक्टोबरला, संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, लेम्पी कोस्केलाने एका हरणावर बाण सोडला. अंतर अठरा पावलांचे होते. बाण छातीत लागायला हवा होता, तो पोटात लागला. लेम्पी, तिचा नवरा अर्वो आणि तिचे रेनोमामा दोन दिवस दलदलीत शोधत फिरले. हरीण सापडले नाही.

मित्रांनो, मी एक जुनी गोणी आहे. लेम्पी नेम धरायला शिकली ती माझ्यावर. त्यामुळे या गोष्टीत माझाही वाटा आहे.

अमेरिकेत, मिशिगनच्या उत्तर टोकाला, मोठ्या सरोवराच्या काठी, रेनोमामांचा गोठा आहे. त्यात आता गाई नाहीत. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत मी तिथे बटाट्यांची गोणी होते. मग मामांनी माझ्यात घरभरच्या चिंध्या ठासून भरल्या: विटके स्वेटर, जुने पडदे, खाणीत घालायच्या लोकरी पँटी. भरण्याआधी प्रत्येक कपड्याची बटणे आणि चेन कापून टाकायची असते. एक चेन राहून गेली. पहिल्याच दिवशी बाण तिच्यावर आपटून उसळला आणि मामांच्या नडगीवर बसला. मामांनी मला शिव्या देत उसवले, चेन काढली आणि पुन्हा शिवले. तोंड चालू होते, पण टाके बारीक घातले. ते टाके अजून टिकून आहेत. मी त्यांची ऋणी आहे.

शेवटी त्यांनी माझ्यावर लाल रंगाचा एक गोल काढला.

त्या गोलाने मला मान मिळवून दिला. लेम्पी वीस पावलांवर उभी राहायची आणि सहाच्या सहा बाण गोलात रोवायची. शेजारी पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याची भाजलेली करंजी, खात बघायला यायचे, वाहवा करायचे. मला वाटे, त्यातली थोडी माझीही आहे.

बारा ऑक्टोबरनंतर लेम्पीने धनुष्य खुंटीला टांगले. मला कोणीतरी गोठ्याबाहेर ओढून ठेवले आणि मी तिथेच राहिले. सहा महिने माझ्यावर बर्फ होता. उंदरांनी माझा एक कोपरा घर म्हणून वापरला.

एप्रिलमध्ये मामांनी मला आत आणले आणि सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, भट्टीशेजारी आठवडाभर सुकवले. मग भाचीला बोलावले.

"मला नको, मामा," लेम्पी दारातूनच म्हणाली. "नोव्हेंबरात बंदुकीचा हंगाम सुरू झाला की बंदूक घेईन. अर्वोची."

"बंदुकीमागे हात तुझाच असणार ना? बस. त्या दिवशी काय बघत होतीस?"

"शिंगं."

"आणि बाण कधी सोडलास?"

"सोडलाच नाही, मामा. सुटला."

"तेच. लाल गोल असो की शिंगं, दिसली की तुझी बोटं उघडतात. तू ठरवायच्या आधीच. किती वर्षं बघतोय मी. नेम बसत होता, म्हणून बोललो नाही. माझंच चुकलं."

मामांनी मला उचलून फिरवले. गोल भिंतीकडे गेला, कोरी बाजू पुढे आली. मला वाईट वाटले, हे लपवत नाही. माझ्याकडे दाखवण्यासारखे तेवढेच होते.

लेम्पीला त्यांनी माझ्यापासून तीन पावलांवर उभे केले. डोळे मिटायचे, दोरी ताणायची आणि चार शब्द मोठ्याने म्हणायचे. पाय. पाठ. ओठ. सोडू? पाय रोवले, पाठ ताणली, बोट ओठाच्या कोपऱ्याला टेकले, आणि मग प्रश्न. प्रश्नाचे उत्तर दर वेळी नव्याने द्यायचे. 'नाही' आले, तर बाण न सोडता धनुष्य सावकाश उतरवायचे. शनिवारी तर उत्तर 'नाही'च असायचे. दिवसभर एकही बाण नाही.

अर्वोला याचे फार हसू येई. "डोळे मिटून, तीन पावलांवरून! अगं, गोणीशी लग्नच लावून टाक आता."

"तू ती कढई घे आणि बडव," मामा म्हणाले. "तेवढंच जमतं तुला."

ते थट्टा करत नव्हते. जुलैपासून लेम्पी रस्त्यावरच्या टपालपेटीपर्यंत पळत जाऊन यायची, धापा टाकतच दोरी ताणायची, आणि तिच्या कानाशी अर्वो कढई बडवायचा. कधी मामा मानेवर गार पाणी शिंपडायचे. एकदा अर्वो अचानक ओरडला, "हरीण! मागे!" बाण सुटला आणि तिरका येऊन माझ्यात शिरला. लवकर सुटलेला बाण मला आत आल्याबरोबर ओळखू येतो. लेम्पी धनुष्य बाजूला ठेवून खाली बसली.

"बघा, पुन्हा तेच. त्याचं पोट फाडलं मी, मामा. कुठे जाऊन मेलं असेल, किती तासांनी—"

"कळतंय तुला ते, म्हणून तर शिकवतोय. न कळणाऱ्याला मी धनुष्याला हात लावू देत नाही. ऊठ."

मित्रांनो, वीस पावलांवरून मला फक्त धनुष्यामागचा एक डोळा दिसायचा. तीन पावलांवरून मी लेम्पीचा चेहरा पाहिला. गळ्याची शीर उडायची, ओठ पांढरे पडायचे, आणि तरीही ती शब्द पुरे करायची. शीर शांत झाली नाही. सप्टेंबरातही ती तशीच उडत होती. पण त्या महिन्यात एकही बाण तिरका आला नाही. लाल गोलाने मला टाळ्या दिल्या. हा चेहरा मला कोऱ्या बाजूमुळे पाहता आला. कोणी विचारले, तर मी कोरी बाजूच मागेन.

एक ऑक्टोबरला हंगाम उघडला. लेम्पी दुपारी तीनला गेली, अंधार पडताना आली. भात्यात सहाही बाण स्वच्छ होते.

"हरीण आलं होतं," ती म्हणाली. "तेच वाटलं मला. त्याच बाजूने आलेलं, तसंच मोठं. पूर्ण ताणलं. आणि उतरवलं."

"आडवं काही होतं?"

"एक फांदी होती. बारीक." तिने बुटाची नाडी सोडली. "मामा, मी फांदीमुळे थांबले की घाबरून, ते मला सांगता येत नाही."

मामांनी तिच्याकडून भाता घेतला. "मलाही नाही सांगता येणार," ते म्हणाले. "पण आज जंगलात पोट फाटलेलं काही पळत नाहीये. जेवून घे."

मित्रांनो, तुमच्याकडे सरावाचे काही असेल, गोणी असो की फळी, ते कोरडे ठेवा. नेम चुकला म्हणून ते पावसात टाकू नका. आणि कोणी तुमची चांगली दिसणारी बाजू भिंतीकडे फिरवली, तर लगेच रुसू नका.

आज चार ऑक्टोबर. लेम्पी दुपारी तीनला गेली. सहा वाजून पाच मिनिटांनी दलदलीच्या बाजूने कावळे एकदम उठले आणि पुन्हा बसले. बाण सुटला म्हणून की आणखी कशामुळे, ते इथून कळत नाही. सहा चाळीसला अर्वोने कंदील पेटवून दाराबाहेर ठेवला. रेनोमामा बूट घालून, निघायच्या तयारीत, पायरीवर बसले आहेत. लेम्पी अजून आलेली नाही.