धुरीबाबाचे किडे

"पडला! पडला बघा किडा!"

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात आरडाओरडा नवा नसतो. बैल उधळतो, म्हैस दोर तोडते, दलाल एकमेकांचा उद्धार करतात. पण त्या दिवशी ओरडा कोपऱ्यातल्या पत्र्याच्या शेडकडून येत होता आणि अर्धा बाजार जनावरं सोडून तिकडे पळाला होता. माझा जनावरांचा दवाखाना बाजाराच्या फाटकासमोरच आहे. एका गाईला सलाईन लावलं, हात धुतले आणि मीही गेले. फुकटचा तमाशा कोणाला नको असतो?

शेडखाली धुरीबाबा बसला होता. खरं नाव वैजनाथ, पण ते आता त्याच्या आधारकार्डालाच ठाऊक असावं. पुढ्यात पितळी परात, परातीत पाणी, पाण्यात वीट आणि विटेवर लाल तापलेलं खापर. त्याने खापरावर सुपारीएवढी एक गोळी ठेवली आणि त्यावर बुडाला भोक पाडलेलं मडकं पालथं घातलं. भोकातून भपकन धूर निघाला. एका म्हाताऱ्याचं नाक त्या भोकावर दाबून, वरून घोंगडी टाकून, बाबाने तोंडाचा पट्टा सोडला.

"नाकात किडा, मेंदूला वेढा! डॉक्टर देतो गोळी, किडा खातो पोळी! धुरी जाईल आत, किडा पडंल परातीत!"

म्हातारा आत गुदमरत, खोकत होता. त्याला लोक 'गुण येतोय' म्हणत होते. मग बाबाने घोंगडी ओढली, मडकं उचललं. पाण्यावर पांढरे, बारीक, वाकडे किडे तरंगत होते. पंचवीस मोबाईल एकदम पुढे झाले.

आमच्या भागात या गोष्टीवर विश्वास बसायला एक पक्कं कारण आहे. मेंढरांच्या नाकात खरंच किडे होतात. एक माशी नाकाशी येऊन बारीक अळ्या टाकते, त्या आत वाढतात आणि मेंढी शिंकून शिंकून बेजार होते. हे इथल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. मेंढराला होतात, तर माणसाला का नाही? लोकांचा हिशोब सरळ होता, आणि बाबाने नेमका तोच हेरला होता.

पण मेंढीच्या नाकातला वाढलेला किडा खजुराच्या बीएवढा जाड असतो, वळवळतो. हे किडे दोऱ्यासारखे, सगळे एका मापाचे, आणि एकही हलत नव्हता.

"धुरीनं मेलं," बाबा म्हणाला.

मला संशय आला. संशय हा माझा जुना रोग आहे आणि त्यावर मी औषध घेत नाही. परातीच्या काठाला चिकटलेला एक किडा मी रुमालात टिपला आणि दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्याला तोंड नव्हतं, अंगावर वळ्या नव्हत्या. एका टोकाला तपकिरी टरफल होतं. टोपी घातलेला किडा मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते.

दोन दिवसांनी ज्योती आली. पुंजाराममामांची सून. पुंजाराममामा म्हणजे म्हशींचे जुने जाणकार, माझं नेहमीचं गिऱ्हाईक. मला वाटलं म्हैस आजारी असेल. ज्योतीने नाकाला पदर लावला होता.

"बाई, मेंढराच्या नाकातल्या किड्याला तुमी सुई देता ना, ती मला द्या."

"वेडी का तू? जनावराची सुई माणसाला?"

"मी मेले तर मेले, पर किडं तर मरतील. माझं लेकरू मला घ्यायला देत न्हाईत वो!"

तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग तिने सगळं सांगितलं. ती पोटुशी असल्यापासून नाक सारखं वाहायचं. बाळंतपणानंतरही थांबेना. सासूने बाबाकडे नेलं. धुरी झाली, किडे पडले, नाक मात्र जास्तच वाहू लागलं. बाबा म्हणाला, किडे चवताळलेत. पुन्हा धुरी, पुन्हा किडे. धुरी फुकट होती, नाकात सोडायचं तेल तेवढं विकत. तरी गुण येईना, तेव्हा बाबाने सांगितलं, किडे दुधात उतरलेत, लेकराला पाजू नका. तेव्हापासून तिची चार महिन्यांची लेक, संस्कृती, आजीजवळ, बाटलीवर. नवरा कल्याण आईपुढे अक्षर काढत नव्हता.

"छाती दाटली की गोठ्यात जाऊन दूध पिळून टाकते," ज्योती म्हणाली. "आन येत्या बाजारी लेकराला धुरी द्यायची म्हनत्यात."

माझ्या अंगाची लाही झाली. चार महिन्यांच्या जिवाला त्या धुरावर धरणार!

त्याच दुपारी मी ज्योतीला गाडीत घालून नगरला नेलं. माझी मैत्रीण धनश्री तिथे नाक-कान-घशाची डॉक्टर आहे. तिने विचारलं, नाक कधी वाहतं? ज्योती म्हणाली, चुलीपुढं, मिरचीची फोडणी देताना, पहाटे गार वाऱ्यात, उदबत्ती लावली की. डोळे खाजतात का? नाही. एखाद्या ठरावीक मोसमातच होतं का? नाही, बारमाही. धनश्रीने नाकात दुर्बीण घालून आतलं सगळं मला पडद्यावर दाखवलं. आत किडा सोडा, जखमसुद्धा नव्हती.

"माणसाच्या नाकात अळ्या कधीच होत नाहीत असं नाही," ती म्हणाली. "क्वचित होतात, पण तेव्हा घाण वास येतो, रक्त येतं, ठणका असतो. हिचं नाक नुसतं हुळहुळं आहे. ही ॲलर्जीही नाही. धूर, गारवा, उग्र वास लागला की ते वाहतं. गरोदरपणात हे बळावतं. आणि तुम्ही त्याच नाकात धूर भरताय!"

मग तिने ज्योतीला सांगितलं, "धुरापासून लांब राहा. पहाटे नाकावर फडकं बांध. पाणी चांगलं उकळून कोमट कर, त्यात मीठ घालून नाक धू. कच्चं पाणी नाकात अजिबात नाही. तेल, बाम, भीमसेनी कापूर बंद. थेंबही मनाने टाकायचे नाहीत, त्यांची सवय लागते आणि नाक जास्त चोंदतं. आणि बाळाला पाज."

मीठ किती घालायचं आणि मान कशी वाकवायची, तेही तिने करून दाखवलं. ज्योती परत परत एकच विचारत होती, "खरंच पाजू?"

संध्याकाळी मी तिला घरी सोडलं आणि सासूला, छबूबाईंना, सगळं समजावलं. बाई खाष्ट नव्हत्या. नातीला मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

"तुमच्या मशीनला दिसलं न्हाई, पर आमी या डोळ्यांनी किडं बघितलं," त्या म्हणाल्या. "माझं पयलं पोर छाती भरून गेलं, डॉक्टरीनबाई. ही तरी जगू द्या मला."

भीतीपुढे डॉक्टरचं बोलणं टिकत नाही. डोळ्यांनी पाहिलेलं डोळ्यांनीच खोडायला हवं होतं. मी त्यांच्या बांधावरून गाडीकडे निघाले आणि रिंगणीच्या काटेरी झुडपात साडी अडकली. सोडवायला वाकले तर समोर पिवळं फळ. सहज फोडलं. आत चपट्या तपकिरी बिया. ती टोपी मी ओळखली. चार फळं रुमालात बांधली, घरी येऊन तवा तापवला आणि तूप सोडून बिया भाजल्या. जे दिसलं त्यावर मी स्वयंपाकघरात एकटीच हसले.

बाजाराच्या दिवशी शेड खचाखच भरलं होतं. छबूबाई संस्कृतीला घेऊन सगळ्यांत पुढे, शेजारी पुंजाराममामा, आणि ज्योती मागे खांबाला धरून उभी. बाबाने खापर तापवायला घेतलं होतं.

"मामा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तुम्ही म्हैस कशी घेता?"

"कशी म्हंजी? दोन टायमाची धार सोता काढतो, मंग बोलतो. दलालाच्या तोंडावर म्हैस घ्यायला मी काय खुळा हाय का?"

"मग बाबाची म्हैस धार न काढता कशी घेतली?"

लोक हसले. मामा हसले नाहीत.

"आज पहिली धुरी नाकाशिवाय होऊ द्या," मी म्हणाले. "किडे नाकातले असतील तर परात कोरी राहील. मग खुशाल नातीला धरा, मी आडवी येणार नाही."

बाबा उसळला. "मंत्राचा अपमान! नाकाबिगर धुरी दिली तर आग्या वेताळ गावात शिरंल! पटकी येईल! जनावरं मरतील!"

पुंजाराममामांचे डोळे बारीक झाले. उभ्या हयातीत त्यांनी शेकडो दलाल पाहिले होते.

"धार काढू देत न्हाई म्हंजी म्हशीत खोट हाय," ते म्हणाले. पुढे होऊन त्यांनी बाबाच्या थैलीतली गोळी उचलली आणि स्वतः खापरावर ठेवली. मडकं पालथं घातलं. कोणीतरी भाजीवाल्याकडचा लाल भोपळा भोकावर ठेवायला आणला.

"भोपळ्यात बी किडं असत्यात की!" एक म्हातारा ओरडला. हरकत रास्त होती. मग कांद्याच्या काट्यावरचं पाच किलोचं लोखंडी माप आणून भोकावर ठेवलं. वर घोंगडी टाकली.

मामांनी मडकं उचललं. पाण्यावर किडेच किडे.

"आगं बाबौ!" मागून कोणीतरी म्हणालं, "मापाला सर्दी झाली!"

हशा उसळला तसा बाबा थैली ओढू लागला. मामांनी त्याचा हात धरला. मी दुसरी गोळी फोडून सगळ्यांना दाखवली. तूप, मेण आणि रिंगणीच्या बिया. "बी तापलं की टरफल फुटतं आणि आतला पांढरा कोंब उडून पाण्यात पडतो. तुमच्या बांधावरच्या रिंगणीचे कोंब आहेत हे. आज घरी तव्यावर भाजून बघा." जादूटोणाविरोधी कायदा आहे हे कोणीतरी पोलिसांना फोनवर सांगत होतं, तेवढ्यात बाबा हाताला हिसडा देऊन गर्दीत पसार झाला. परात तिथेच राहिली.

मी मात्र छबूबाईंकडे बघत होते. त्या उठल्या, खांबापर्यंत गेल्या आणि संस्कृतीला ज्योतीच्या हातात दिलं. ज्योती तिथेच पोत्याआड बसली आणि पदराखाली घेतलं. पोरीने तोंड फिरवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा फिरवलं. तिला बाटलीची सवय झाली होती. ज्योती हुंदके देऊन रडायला लागली आणि छबूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत "मीच गं, मीच केलं हे" एवढंच म्हणत राहिल्या. तेव्हा मला त्या बाबाचा जितका राग आला तितका आजवर कोणाचा आला नव्हता. माप हसण्यावारी गेलं, पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

चिकाटीने पाजत राहिल्यावर पोरगी पुन्हा अंगावर प्यायला लागली. चूल आता मोकळ्या पडवीत आली आहे आणि फोडणी कल्याण देतो. ज्योती मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुते. नाक पूर्ण थांबलेलं नाही. गार वारा सुटला की वाहतंच, पण पहिल्यासारखं नाही. बाबा पूर्ण बरं करणार होता. धनश्री म्हणाली होती, कमी होईल. खरं बोलणारा वैद्य असंच बोलतो, आणि म्हणूनच त्याच्यापुढे गर्दी होत नाही.

धुरीबाबा दुसऱ्या कुठल्या बाजारात बसला आहे असं ऐकते. कदाचित तुमच्याच. त्याच्याशी देव आहे की नाही यावर वाद घालत बसू नका. फक्त म्हणा, बाबा, आधी कोणाचंही नाक न धरता एक गोळी जाळून दाखवा. परातीत किडे पडले, तर ते कोणाच्या नाकातले, हे त्यालाच विचारा.