चित्राखाली नाव नको

म्हातारा खुर्चीत टेकला आणि पहिलंच बोलला, "चित्राखाली नाव नको."

झेलीचा खडू दगडावरच थांबला. फ्रान्समधल्या मेत्झ शहरातलं, दगडावर चित्र काढून छापायचं, शिळाछापाचं हे दुकान नवऱ्यामागे ती एकटी चालवायची. बादशहाच्या राज्यात चित्र आधी कचेरीत दाखवायचं, कोणाचं ते सांगायचं, मगच बाहेर काढायचं. नाहीतर परवाना गेला, दुकानाला टाळं.

"का हो नको?"

"नको म्हणजे नको. एकच प्रत काढा. नातीचं लग्न झालंय, तिला पाठवायचीय."

एका प्रतीसाठी कोण अख्खा दगड काढून घेतं? हा हेरच. नाहीतर तुरुंगातून सुटलेला बंडखोर. काहीही असो, मरण तिचंच. कोट चांगला, दाढी गुळगुळीत, या वयात खांदे बैलासारखे. आणि आल्यावर हात मिळवायला काही पुढे केला नव्हता.

"मालकीणबाई," छापणारा बार्नाबे कुजबुजला, "याला बघून समोरचा चांभार आत पळाला."

"तू शाई मळ. नाक कमी खुपस."

दुपारी बार्नाबेने टेबलावर सूप आणि पाव आणून आपटला. पाव पडला उलटा. सरळ करायला झेलीचा हात आपसूक पुढे गेला, पण म्हाताऱ्याचा आधी पोचला. त्याने तो उलटाच छातीशी धरला आणि कापायला लागला. जन्मभर तसाच खाल्ल्यासारखा.

बार्नाबेने छातीवर क्रूस काढला. उलट्या पावाला इथलं शेंबडं पोरही हात लावत नाही. बेकरीवाले जल्लादाचा पाव तसा उलटा, वेगळा ठेवतात.

म्हाताऱ्याची सुरी थांबली. "हं. जातो मी."

"थांबा. नात कुठे असते?"

"लांब. तिच्या सासरच्यांना सांगितलंय, मी लाकडाचा व्यापारी आहे. तिथे मला जाता येत नाही. भिंतीवर तेवढा जाईन म्हटलं."

कचेरीत नाव सांगावं, तर तिथल्या कारकुनांच्या तोंडाला कुलूप नाही. पोरीचं घर मोडेल. न सांगावं तर दुकान जाईल. आणि हा खरं बोलतोय कशावरून? पाव उलटा खायला हेरही शिकेल की!

"नातीचं नाव काय?"

"नाही सांगणार."

"मी माझं दुकान पणाला लावू आणि तुम्ही नावही सांगणार नाही?"

"तुमच्यावर भरवसा नाही माझा, बाई."

झेली भडकलीच. मग हळूहळू शांत झाली. हेर असता तर नाव तयार ठेवून आला असता.

"बार्नाबे, दार लाव. आणि हे बाहेर बोललास तर तुझी जीभ दाबयंत्रात घालीन."

दगड तयार व्हायला दुसरा दिवस उजाडला. प्रत निघाली. म्हाताऱ्याने ती गुंडाळली, पण जागचा हलेना.

"आता काय?"

"दगड माझ्यासमोर पुसा."

झेलीने दातओठ खात वाळू-पाणी घेतलं आणि घासायला लागली. आधी कपाळ गेलं, मग डोळे, मग हनुवटी. म्हाताऱ्याने वाकून दगडावरून बोट फिरवलं, बोट उजेडात धरून बघितलं, आणि मगच टोपी घातली.