गळ्यातला कापूस

मी शहाणपणाच्या गोळ्यांची बाटली बोलतेय. निदान शालिकरामभाऊंची तशी समजूत होती.

१९६८ साली गोंदियाच्या डॉक्टरकडून त्यांनी मला किरनापूरला आणलं. त्यांच्या माय, दुर्गाबाई, सगळं विसरत चालल्या होत्या. दिवेलागण झाली की दाराशी धावायच्या, "मले घरी जाऊ द्या, दिवा लावाचा हाये!" डॉक्टरांनी त्यांना पाहिलंच नाही. कशाला पाहायचं? लेकाची हकीकत ऐकली, चिठ्ठी लिहिली. मोठे हुशार!

सून साधनाबाई फार श्रद्धाळू. सासूबाई बऱ्या व्हाव्यात म्हणून त्यांनी लाख वातींचं व्रत धरलं होतं. पण सासूबाईच मधे येऊन वाती उसकटायच्या. मग मला देवघरात बसवलं आणि तीर्थासोबत गोळी सुरू झाली. व्रत सासूबाईंसाठी, आणि व्रतात सासूबाईंची अडचण नको म्हणून मी. अशी सोय देवालाही सुचली नसती.

मी कामाला पक्की. आठ दिवसांत घर शांत. शेजारच्या मैनाबाई म्हणाल्या, "म्हातारी किती गुणाची झाली वं! उद्या पाव्हणे येऊन राह्यले ना, दोन देजो."

दोन दिल्या. पाहुण्यांनीही तारीफ केली. दुर्गाबाईंचे हात थरथरू लागले, घास घशात अडकू लागला, अंगणात दोनदा पडल्या. पण ओरडल्या नाहीत हो!

एका सांजेला साधनाबाईंनी माझ्या गळ्यातला कापसाचा बोळा काढून पाटावर ठेवला. गोळी हातात घेईपर्यंत दुर्गाबाईंनी तो उचलला, थरथरत्या बोटांनी ओढला, मांडीवर वळला. वात जाडीभरडी झाली, पण झाली.

साधनाबाईंनी ती वात उचलून उजेडात धरली. "माय, तुमी वाती उसकटत नव्हत्या? वळत होत्या?"

"हौ. तुह्या ढिल्ल्या असतात."

गोळी मुठीतच राहिली. दुसऱ्या दिवशी साधनाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आता मायलेच घेऊन जा डॉक्टरकडं. आधी पाह्यले सांगा, मंग गोळी."

डॉक्टरांनी पाहिलं, आणि गोळी हळूहळू कमी करत बंद केली. विसर काही गेला नाही. माझ्यानंही कुठे गेला होता? सांज झाली की दुर्गाबाईंना अजून घर आठवतं. मग साधनाबाई पुढ्यात कापूस ठेवतात.

मी आता फळीवर रिकामी आहे. मला जरूर आणा, कधी लागतेही मी. पण आधी म्हातारीला डॉक्टरांपुढे बसवा, आणि तिला काय करायचंय तेही विचारा. माझा बोळा मात्र मागू नका. तो त्याच सांजेला तुळशीपाशी जळला. घट्ट वळलेला होता, बराच वेळ पुरला.