नापास देवाची दाढी

मी देवाची दाढी बोलतेय. दचकू नका, देव नाही बोलत. त्याचं काय चाललंय ते मलाही ठाऊक नाही. मी फक्त त्याच्या हनुवटीखालची, छातीपर्यंत रुळणारी पांढरी दाढी. शाळेच्या नाटकाच्या कपाटात एका खिळ्याला टांगलेली असते. पोरं म्हणतात, मी झपाटलेली आहे. खरं सांगू? आहे.

एका टोप बनवणाऱ्या कारागिराने मला जन्माला घातलं. बारीक जाळीवर एकेक केस गाठ मारून बसवला. ते केस कुणाकुणाचे होते कोण जाणे. त्यातली काही माणसं तेव्हाच या जगात नसतील. त्यामुळे दुसऱ्याचं काहीतरी अंगात बाळगायची मला पहिल्यापासून सवय.

शाळेने मला घेतलं ते वार्षिक नाटकासाठी. शाळा मोठी धार्मिक. सकाळी प्रार्थना, दुपारी प्रार्थना, मधे धर्माचा तास. नाटकाच्या शेवटी देव प्रकट व्हायचा, न्याय सांगायचा आणि पडदा पडायचा. देवाचं काम सगळ्यात गुणी मुलाला मिळे. गुणी मुलांच्या हनुवट्या ताठ असतात आणि फार घामट. एक संध्याकाळ चिकटायचं, वर्षभर लटकायचं. माझं बरं चाललं होतं.

मग ती आली. मुख्याध्यापिकेची भाची. मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. भाऊ-भावजय गेल्यावर पोरीला त्यांनीच वाढवलं होतं. खाऊ-पिऊ घातलं, अभ्यास घेतला, तापात उशाशी बसल्या. फक्त हसणं तेवढं भावाबरोबर गेलं होतं.

"आत्याला एकदा हसवायचंय," कपाटातून मला काढताना ती मित्राला म्हणाली. "तिच्या शाळेवरच सिनेमा काढू."

"आणि नाही हसली तर?"

"हसेल रे. बाबा सांगायचे, आमच्या घरात सगळ्यात मोठ्याने तीच हसायची."

सिनेमा असा होता. देव त्या शाळेत नाव घालतो; आपल्याबद्दल काय शिकवतात ते त्याला बघायचं असतं. फाटकावरच त्याला अडवतात, कारण दाढी नियमात बसत नाही. धर्माच्या तोंडी परीक्षेत विचारतात, देवाला काय आवडतं? तो म्हणतो, दुपारची झोप. चूक! पुस्तकात तसं नाही. देव नापास. "अहो, पण तो मीच!" असं तो काकुळतीला येऊन सांगतो, तर मोठ्या बाईंसारखा चष्मा लावून बसलेला मित्र कडाडतो, "देव असशील तुझ्या घरचा! इथे रांगेत उभा राहा!"

या वाक्याला देव झालेली ती हटकून फुटायची. तिचं हसू नाकातून यायचं. आधी फुर्र, मग हुंदक्यासारखा आत ओढलेला श्वास. डिंक सुटायचा, मी एका गालावरून लोंबायला लागायचे, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. इतक्या जवळून मी कुणाचं हसू ऐकलं नव्हतं. ते माझ्यात मुरलं.

सिनेमा सभागृहात दाखवला. ती मला हातात घेऊन पडद्याच्या कडेला उभी होती, आणि सिनेमाकडे बघतच नव्हती. बघत होती पहिल्या रांगेतल्या आत्याच्या तोंडाकडे. पोरांचं लक्ष बाईंच्या पाठीकडे. बाई हसल्या तर हसायचं, नाहीतर आपण त्या गावचेच नाही. रांगेचं वाक्य आलं. बाईंची मान खाली गेली, खांदे हलल्यासारखे वाटले. तिने मला घट्ट आवळलं.

बाई उठल्या. "दिवे लावा. देव कोण झालं होतं?"

तिने मला हनुवटीला धरलं आणि पुढे आली. "मी. तू हसावंस म्हणून केलं गं, आत्या."

"इथे बाई म्हणायचं," बाई म्हणाल्या. "नियम सगळ्यांना सारखा. उद्यापासून शाळेत येऊ नकोस."

तिने मला खुर्चीच्या पाठीवर ठेवलं. हळूच ठेवलं, कुणाला निजवावं तसं. ती शाळेतून गेली आणि त्याच आठवड्यात घरातूनही. दूर मावशीकडे राहते म्हणतात. आत्याचा फोन उचलत नाही.

पुढच्या नाटकात गुणी मुलाने मला लावलं. न्याय सांगायची वेळ झाली, सभागृह चिडीचूप, आणि त्याच्या नाकातून आलं, फुर्र! रडकुंडीला येऊन तो शपथेवर सांगत होता की मी नाही हसलो. त्यापुढच्या वर्षी दुसऱ्याचं तेच. तेव्हापासून आमच्या शाळेत देव गुळगुळीत दाढी करून प्रकट होतो.

मी कपाटात राहिले. शाळा सुटली, बाकांचे आवाज थांबले की ती माझ्यात हसते. अंधारात मला त्याची भीती वाटते, आणि नाही हसली तर जास्त वाटते.

परवा शाळा सुटल्यावर कपाट उघडलं. मोठ्या बाई होत्या. पुष्कळ थकल्यात. त्यांनी मला झटकलं, आपल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि आरशासमोर हनुवटीला धरलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग स्वतःच्याच प्रतिबिंबावर बोट रोखून पुटपुटल्या, "देव असशील तुझ्या घरचा..."

पुढचं वाक्य निघालंच नाही. फुर्र! आणि मग तो आत ओढलेला श्वास. तेच हसू, गाठीगाठीला ओळखीचं; पण या खेपेला माझ्यातून नाही, त्यांच्याच आतून आलेलं. मला वाटत होतं की मला त्या पोरीने झपाटलंय. अहो, ते हसू मूळचं बाईंचंच होतं! हसता हसता त्या रडायला लागल्या आणि मी भिजून चिंब झाले. एका हाताने मला धरून त्यांनी फोन लावला. तो वाजत राहिला.

आता माझी जाळी फाटलीय, केस झडतायत. पुढच्या सफाईत मला फेकतील, त्याचं वाईट वाटत नाही. पण नाकातून हसणारी एखादी पोर तुम्हाला कुठे भेटली, तर तिला एवढं सांगा. आत्या हसली. जोरात हसली. आता फोन उचल.