धवलारणीचा दात

गुणाबाईचा वरचा, पुढचा दात मोडला तो मिठागरात. पाय घसरला आणि खोऱ्याच्या दांड्यावर तोंड आपटलं. अख्खा पडला असता तरी बरं. पण मेला अर्धा तुटला नि उरलेला हिरडीत दडून बसला. ही बेलपाड्याची धवलारीण, आगऱ्यांची लग्नं हिच्या धवल्यांवर, म्हणजे लग्नगाण्यांवर लागायची. आता साधं गाणं म्हणायला गेली तरी नुसती शिट्टी! आणि वैशाखात लग्न कुणाचं, तर तिनंच लहानाची मोठी केलेल्या भाचीचं, वेणूचं. तिथं दुसरी धवलारीण उभी राहायची? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला खरंच वाटलं.

त्यात या शहाणीनं जखमेवर मशेरी दाबली! हिरडी टम्म सुजली, तेव्हा कुठे बाई पनवेलला दातांच्या डॉक्टर कर्णिकांकडे गेली.

"आधी ती मशेरी बंद," डॉक्टर खेकसले. मग नीट समजावू लागले. "दात उपटून कवळी देता येईल, पण गाताना ती हलेल. नाहीतर मूळ घट्ट आहे, ते वाचवू. हिरडी थोडी कापायची, आतली नस काढून औषध भरायचं, मुळात खिळा बसवून वर नवा दात. पाच-सहा खेपा पडतील. दुखेलही."

"दुखू द्या. उपटू नका."

हिरडी कापताना तिनं खुर्चीचे हात असे आवळले, की डॉक्टरच घाबरले. पण जखम भरली, नवा दात बसला.

"बोलताना ठीक आहे. आता एक धवला म्हणा. गाताना दाताची लांबी बघू."

"नाय. मांडवाबिगर धवला म्हनाचा नाय. आयला वचन दिलंय."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, मग मला कळणार कसं?"

"लग्नाला या."

आणि आले की हो! भर मांडवात धवला नवरीच्या नावापाशी आला, आणि वरच्या सुरात 'वे' लांबवताना दात खालच्या ओठाला अडला. 'वेणू' काही उमटेना. बायका कुजबुजल्या. तोच डॉक्टर खिशातली कानस घेऊन उठले, तिला मांडवाच्या खांबाला टेकवलं आणि चार वेळा दात घासला.

"म्हणा."

गुणाबाईनं दातावरून जीभ फिरवली. डोळे मिटले. "वेणू," ती गायली, आणि पाटावरची वेणू हमसून रडायला लागली.